उंच गड्याची जागा



आपल्या शिरूर आणि दौंड तालुक्यांत खेळ म्हटला की पहिल्यांदा डोळ्यांसमोर येतो तो कुस्तीचा आखाडा, आणि त्याच्या पाठोपाठ कबड्डी नि खो-खो. बास्केटबॉल हा त्यामानाने पाहुणा. दोन खांब, दोन फळ्या आणि दोन कडी एवढाच त्याचा संसार. पण ज्या शाळेच्या मैदानात हे खांब उभे आहेत, तिथे एक गोष्ट पुष्कळदा पाहायला मिळते. वर्गातला सगळ्यांत उंच मुलगा हेरायचा, त्याला कड्याखाली नेऊन उभा करायचा आणि सांगायचे, "तू इथंच थांब. हात वर ठेव. चेंडू आला की टाक आत." मुलगा बिचारा वर्षभर तिथेच उभा. चेंडूला टप्पे देत पुढे न्यायला, लांबून नेम धरायला, सवंगड्याला अचूक चेंडू द्यायला त्याला कुणी शिकवीत नाही. त्याची उंची हेच त्याचे शिक्षण, असे आपण धरून चालतो.

आज मी इतिहास सांगणार आहे तो ह्या जागेचा. उंच गड्याने मैदानात कुठे उभे राहावे, हा प्रश्न ह्या खेळाइतकाच जुना आहे. त्याचे उत्तर सव्वाशे वर्षांत अनेकदा बदलले, आणि ते कसकसे बदलत गेले हे पाहिले म्हणजे कड्याखालची ती जागा काही ब्रह्मलिखित नव्हे, हे आपोआप ध्यानात येते.

आरंभ झाला अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स प्रांतातील स्प्रिंगफील्ड गावी, १८९१ सालच्या डिसेंबरात. तिथल्या वायएमसीएच्या प्रशिक्षण विद्यालयात जेम्स नेस्मिथ नावाचे शिक्षक होते. बाहेर बर्फ, मुले तरणीताठी, आणि वर्ग अठरा जणांचा. ह्या मुलांना छपराखाली खेळता येईल, पण हातपाय मोडणार नाहीत, असा खेळ त्यांना हवा होता. जमिनीलगत गोल असला की चेंडू जोरात मारला जातो आणि दांडगाई होते. म्हणून त्यांनी गोल डोक्याच्या वर नेला. शाळेच्या शिपायाने पीच नावाच्या फळांच्या दोन टोपल्या आणून दिल्या. त्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. कठडा होता जमिनीपासून दहा फुटांवर, म्हणून टोपलीची उंची दहा फूट झाली, आणि आजही ती तेवढीच, म्हणजे ३.०५ मीटर आहे. नियम अवघे तेरा. चेंडू हातात घेऊन पळायचे नाही, हा त्यांतला महत्त्वाचा. पहिला सामना नऊ विरुद्ध नऊ असा झाला आणि साऱ्या खेळात एकदाच चेंडू टोपलीत पडला.

ह्या नऊ जणांच्या जागा नेस्मिथ यांनी आखून दिल्या होत्या: आपल्या टोपलीशी एक गोलरक्षक, त्याच्या पुढे दोन रक्षक, मध्ये तीन, त्यांच्यापुढे दोन बाजूंना दोन, आणि प्रतिपक्षाच्या टोपलीजवळ एकटा एक. म्हणजे टोपलीजवळ एक गडी ठेवून द्यायचा, ही कल्पना पहिल्या दिवसापासूनची आहे. मात्र तो उंचच असावा, असे तेव्हा कुणी म्हटले नव्हते.

जागेला बांधून ठेवण्याचा सर्वांत कडक प्रकार घडला तो मुलींच्या बाबतीत. १८९२ साली सेंडा बेरेन्सन ह्या शिक्षिकेने स्मिथ कॉलेजात मुलींना हा खेळ शिकवला. मुलींना फार धावपळ सोसणार नाही असा त्या काळचा समज. तेव्हा मैदानाचे तीन भाग पाडले आणि ज्या मुलीचा जो भाग, तिने तो ओलांडायचा नाही असे ठरले. पुढे भाग तीनाचे दोन झाले, पण बंधन राहिलेच. अमेरिकेतल्या आयोवा प्रांतातील शाळांत हा सहा-सहा मुलींचा खेळ १९९३ पर्यंत चालू होता. निम्म्या मुली फक्त अडवणार, निम्म्या फक्त नेम मारणार. शंभर वर्षे कित्येक मुलींना अर्धाच खेळ शिकायला मिळाला. दोष मुलींच्या अंगात नव्हता, आखलेल्या रेघेत होता.

आपल्याकडे हा खेळ आला तो वायएमसीएच्या वाटेनेच. स्प्रिंगफील्डलाच शिकलेले हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रासला शारीरिक शिक्षणाचे विद्यालय काढले आणि तिथून शिकून निघालेले शिक्षक देशभर पसरले. पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९३४ साली दिल्लीत झाली आणि १९५० मध्ये भारतीय बास्केटबॉल महासंघ स्थापन झाला. महाराष्ट्रात ह्या खेळाचे माहेरघर ठरले ते मुंबईतले नागपाडा. ह्या नागपाड्याचा एक धागा आपल्या भागाशी जुळतो, बरं का. अमेरिकन मराठी मिशन हे नाव शिरूरच्या जुन्या माणसांना नवे नाही. अहमदनगराप्रमाणेच शिरूरलाही ह्या मिशनचे ठाणे होते, आणि मुलांना हातकाम शिकवणारी शाळा ते तिथे चालवीत. त्याच मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२६-२७ च्या सुमारास नागपाड्याच्या दाट वस्तीत नेबरहुड हाऊस नावाची संस्था उभी केली. पुढे १९३६ मध्ये समाजकार्याचे शिक्षण देणारी जी टाटा संस्था मुंबईत निघाली, तिचे पहिले संचालकही हेच. नागपाड्याच्या चिंचोळ्या गल्ल्यांतल्या मुलांना मोकळे मैदान नव्हते. थोडक्या जागेत मावणारा हा खेळ त्यांनी उचलला. तिथले बच्चू खान हे मार्गदर्शक एवढे नावाजले की महापालिकेच्या मैदानाला त्यांचेच नाव आहे. त्याच वस्तीतून अब्बास मुंतसिर हे भारताचे कर्णधार निघाले आणि १९७० सालचा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. जागा अपुरी असली म्हणजे ती वापरायची अक्कल लवकर येते, हे नागपाड्याने दाखवले.

आता मुख्य कथेकडे वळू. टोपलीच्या आसपासची जागा उंच गड्याने अडवली की खेळ तिथेच अडतो, हे अमेरिकेत लवकरच ध्यानात आले. म्हणून १९३५-३६ च्या सुमारास नियम झाला की प्रतिपक्षाच्या कड्यासमोरच्या आखलेल्या पट्ट्यात चढाई करणाऱ्या गड्याने तीन सेकंदांहून अधिक थांबायचे नाही. तरी उंच गडी तरले. १९४० नंतर दोन महाविद्यालयीन खेळाडू पुढे आले: सात फुटी बॉब कर्लंड आणि सहा फूट दहा इंचांचा जॉर्ज मायकन. कड्याकडे खाली येणारा चेंडू हे दोघे वरच्या वर झेलून फेकून देत. १९४४ साली महाविद्यालयांच्या खेळात त्यालाही बंदी झाली.

ह्या मायकनची गोष्ट शिक्षकांनी मुद्दाम ऐकण्याजोगी आहे. जाड भिंगांचा चष्मा लावणारा हा मुलगा अंगाने अवजड आणि चालण्यात गबाळा समजला जाई. शिकागोच्या डीपॉल विद्यापीठात रे मायर नावाचे तरुण प्रशिक्षक त्याला लाभले. त्यांनी त्याला कड्याखाली खांबासारखा उभा केला नाही. दोरीवरच्या उड्या मारायला लावल्या, मुष्टियुद्धाचा सराव दिला, एवढेच काय, नाच शिकायला पाठवले. पाय हलके झाले पाहिजेत, हा हेतू. कड्याच्या एका बाजूने उजव्या हाताने, लगेच दुसऱ्या बाजूने डाव्या हाताने, असा न थांबता चेंडू टाकण्याचा जो सराव मायकनने केला, तो आजही जगभर त्याच्याच नावाने ओळखला जातो. त्याला एक चेंडू आणि एक कडे पुरते. आपल्या कोणत्याही शाळेत तो करून घेता येईल.

मायकन पुढे व्यावसायिक खेळात मिनिआपोलिस संघाकडून खेळू लागला आणि इतका भारी पडू लागला की नियमच बदलावे लागले. २२ नोव्हेंबर १९५० ला फोर्ट वेन संघाने युक्ती केली. चेंडू मायकनच्या संघाच्या हाती लागूच द्यायचा नाही म्हणून ते नुसते तो आपापसांत फिरवत राहिले. सामना संपला १९ विरुद्ध १८ असा. त्या अठरांतले पंधरा गुण एकट्या मायकनचे. असल्या रटाळ खेळांना आळा घालण्यासाठी १९५४ मध्ये चोवीस सेकंदांत चेंडू कड्याकडे टाकलाच पाहिजे, असा नियम झाला. त्याआधी १९५१ मध्ये तीन सेकंदांचा पट्टा सहा फुटांवरून बारा फूट रुंद केला गेला. मग आला सात फूट एक इंच उंचीचा विल्ट चेंबरलेन. २ मार्च १९६२ ला त्याने एका सामन्यात शंभर गुण केले. दोन वर्षांनी, १९६४ मध्ये, पट्टा सोळा फूट झाला. आंतरराष्ट्रीय नियमांत १९५६ पासून हा पट्टा तळाशी रुंद आणि वर निमुळता असे; २०१० पासून तो ४.९ मीटर रुंदीचा सरळ आयत झाला आहे. १९६७ ते १९७६ ह्या काळात तर अमेरिकेच्या महाविद्यालयांत चेंडू वरून कड्यात दाबायलाच मनाई होती. ल्यू अल्सिंडॉर, जो पुढे करीम अब्दुल जब्बार म्हणून गाजला, त्याने त्या मनाईच्या काळात डोक्यावरून हात वळवून चेंडू टाकण्याची कला अशी घोटली की ती अडवणे कुणालाच साधेना.

पाहा, हा सारा इतिहास एका अर्थी रेघा सरकवण्याचा इतिहास आहे. उंच गडी कड्याजवळ गेला की रेघ त्याला बाहेर ढकलते, आणि बाहेर ढकललेला गडी नवीन काही शिकून येतो.

दुसरीकडे काही शिक्षक वेगळा विचार करीत होते. त्यांतले एक टेक्स विंटर. कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवीत असताना १९६२ साली त्यांनी ह्या विषयावर पुस्तक लिहिले. मूळ कल्पना त्यांचे गुरू सॅम बॅरी यांची. तिचे सार असे: आपल्या पाच गड्यांनी एकमेकांपासून पंधरा ते अठरा फूट अंतर राखावे. ह्याहून जवळ आले तर प्रतिपक्षाचा एकच गडी दोघांना सांभाळतो. ह्याहून लांब गेले तर दिलेला चेंडू वाटेत कापला जातो. विंटर यांची ही पद्धत पुढे शिकागोच्या संघाने वापरली आणि १९९१ ते १९९८ ह्या काळात सहा अजिंक्यपदे मिळवली.

ही अंतराची गोष्ट आपल्याला परकी वाटायचे कारण नाही. कबड्डीत चढाई करणाऱ्याला घेरताना कोपऱ्यातला गडी कोपरा सोडून मध्ये धावला तर काय होते, हे जत्रेच्या सामन्याला बसलेले पोरही सांगेल. खो-खोमध्ये आठ गडी पाटीवर सारख्या अंतराने बसतात, एकाचे तोंड इकडे, दुसऱ्याचे तिकडे. ते अंतर आहे म्हणून तर खो देता येतो. दौंडच्या स्टेशनात चार दिशांच्या गाड्या येतात त्या आपापल्या रुळावर. साऱ्या एकाच रुळावर आणल्या तर एकही पुढे सरकायची नाही. उंच गडी कड्याखाली ठाण मांडून बसला, की त्याच्याबरोबर त्याला अडवणाराही तिथेच बसतो, आणि बाकीच्या चौघांची कड्याकडे जाण्याची वाट बंद होते.

ती वाट मोकळी करायला आणखी एका रेघेचे साहाय्य झाले. ठरावीक अंतराच्या बाहेरून टाकलेल्या चेंडूला दोनऐवजी तीन गुण द्यावेत, ही कल्पना १९६१ मध्ये एका अल्पजीवी अमेरिकन संघटनेने अमलात आणली. १९६७ मध्ये दुसऱ्या एका नव्या संघटनेने ती उचलली आणि लोकप्रिय केली. ह्या संघटनेचे पहिले प्रमुख कोण असतील? जॉर्ज मायकन! ज्याच्यामुळे कड्याजवळची जागा रुंदावून मोकळी करावी लागली, त्याच्याच कारकिर्दीत लांबून नेम धरणाऱ्याला मान मिळाला. अमेरिकेच्या मुख्य व्यावसायिक संघटनेने ही रेघ १९७९ मध्ये आणि आंतरराष्ट्रीय महासंघाने १९८४ मध्ये स्वीकारली. आता ती आंतरराष्ट्रीय मैदानात कड्यापासून ६.७५ मीटरांवर असते.

ह्या रेघेचे गणित सातवीतल्या मुलालाही सोडवता येईल. जवळून शंभर वेळा चेंडू टाकला आणि पन्नास वेळा आत गेला, तर गुण झाले शंभर. लांबून शंभरदा टाकला आणि चौतीस वेळाच आत गेला, तरी गुण होतात एकशे दोन. म्हणजे तीनांत एकदा नेम लागणारा उंच गडी बाहेर उभा राहिला, तरी प्रतिपक्षाला त्याच्यामागे बाहेर यावेच लागते. तो बाहेर आला, की कड्याखालची जागा रिकामी.

हे सर्वांत आधी नीट ओळखले युरोपच्या शिक्षकांनी. तिथे उंच मुलांनाही बुटक्या मुलांसारखेच चेंडू हाताळायला शिकवण्याची रीत रुजली. युगोस्लाव्हियाचा क्रेशिमिर चोसिच जवळजवळ सात फूट उंच, पण तो पट्ट्याच्या वरच्या टोकाशी येऊन सवंगड्यांना चेंडू पुरवी. १९८० च्या मॉस्को ऑलिम्पिकमध्ये त्याच्या संघाला सुवर्णपदक मिळाले. भारताचा पुरुषसंघही त्या ऑलिम्पिकमध्ये खेळला होता. लिथुएनियाचा सात फूट तीन इंची सबोनिस १९८८ साली सोव्हिएत संघाकडून सुवर्णपदक घेऊन गेला. जर्मनीचा सात फुटी डर्क नोविट्स्की लांबून नेम धरणाऱ्यांत अग्रगण्य ठरला आणि २०११ मध्ये त्याने डॅलसला अजिंक्यपद मिळवून दिले. सर्बियाच्या सोंबोर गावचा निकोला योकिच सहा फूट अकरा इंची. तो फार उंच उडत नाही आणि फार वेगाने पळतही नाही. पण मैदानात कुठे उभे राहिले असता चारही सवंगडी दिसतात, हे त्याला पक्के ठाऊक आहे. २०२३ मध्ये त्याचा डेन्व्हर संघ अजिंक्य झाला.

आपल्या देशातही असा एक उंच मुलगा निघाला. पंजाबातल्या बल्लोके गावच्या शेतकरी कुटुंबातला सतनाम सिंग, सात फूट दोन इंचांचा. कोवळ्या वयातच तो शिकायला अमेरिकेला गेला आणि २०१५ साली डॅलसच्या संघाने त्याची निवड केली. भारतात जन्मलेल्या खेळाडूची तिथल्या मुख्य व्यावसायिक संघटनेसाठी झालेली ती पहिली निवड. मात्र प्रत्यक्ष मुख्य स्पर्धेच्या सामन्यात उतरण्याची संधी त्याला मिळाली नाही. तो तिथे पोचला तेव्हा कड्याजवळ उभ्या राहणाऱ्या उंच गड्यांचा काळ सरत आला होता. उंच माणसानेही धावावे, बाहेरून नेम मारावा, अशी मागणी वाढली होती.

शिक्षक बंधूभगिनींनो, आता ह्या इतिहासातून आपल्या मैदानापुरते काय घ्यायचे, ते थोडक्यात सांगतो. उंच गड्याला चार जागा शिकवाव्यात. पहिली कड्याच्या बाजूला, आखलेल्या पट्ट्याच्या अगदी बाहेर. ऐन कड्याखाली नव्हे, कारण तिथून कडेच आडवे येते. बाजूने फळीवर चेंडू तिरका लावला की तो सहज आत पडतो. दुसरी, फ्री थ्रो रेषेच्या दोन टोकांपैकी एखादे. तिथून नेमही धरता येतो आणि सारे सवंगडीही दिसतात. तिसरी, मागच्या सीमारेषेलगत, पट्टा आणि कोपरा यांच्या मध्ये. सवंगडी चेंडू घेऊन आत घुसला तर तिथे थांबून त्याला वाट द्यायची. चौथी, तीन गुणांच्या रेघेबाहेर. ही शेवटी शिकवावी. आधी दहा फुटांवरून नेम पक्का होऊ द्यावा, मग एकेक पाऊल मागे न्यावे. लहान मुलांसाठी कडे २.६० मीटरांवर लावले तर उत्तम. उंच कड्यापायी मुले चेंडू खांद्यावरून भिरकावतात आणि ती खोड पुढे जात नाही.

खेळताना एक साधा दंडक पाळावा. दोन सवंगड्यांत पाच-सहा पावलांचे अंतर, आणि चेंडू जिकडून आत येईल तिकडून उंच गड्याने बाजूला सरायचे. जमिनीवर चुन्याचे पाच ठिपके काढून मुलांना ठिपके बदलत खेळवले, तर आठवड्याभरात ही जाण येऊ लागते. त्यात सर्वांनाच प्रत्येक ठिपक्यावर आळीपाळीने उभे करावे. बुटक्या मुलाने कड्याजवळ खेळून पाहावे, उंच मुलाने चेंडू घेऊन पुढे यावे, आणि मुलींच्या वाट्याला तर पूर्ण मैदान यावे.

मूल अकरा-बारा वर्षांचे असताना ते पुढे किती उंच होईल, हे आपल्याला सांगता येत नाही. आज वर्गात सर्वांत उंच असलेला मुलगा अठराव्या वर्षी चारचौघांसारखाच निघू शकतो, आणि ज्याला आपण कड्याखाली उभा करून ठेवला तो तेव्हा ना उंच राहतो, ना त्याला दुसरे काही येते. त्याच्या शाळेतल्या वर्षांचा असा अपव्यय होऊ देणे आपल्याला परवडणार नाही. रे मायर यांनी आपल्या गबाळ्या विद्यार्थ्याच्या हाती दोरी दिली, त्याला पावले टाकायला शिकवले. तेवढे तर आपल्या प्रत्येक शाळेत करता येण्यासारखे आहे.